चित्रांचा राजा, राजांमधला चित्रकार

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगराच्या कुशीत श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे आहे. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, हेन्री मूर यांचे माता आणि बालकाचे शिल्प, हस्तिदंती कलाकुसर असा ऐवज एखाद्या महानगरात नव्हे, तर औंधसारख्या आडगावात जमा झाला, तो एका संस्थानिकाच्या ध्यासामुळे. ते संस्थानिक म्हणजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेले हे राजपुत्र १९०९ मध्ये गादीवर आले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. हाती आलेले राज्य अवघ्या बहात्तर गावांचे होते. तीही सलग नव्हती. साताऱ्यापासून आटपाडीच्या माणदेशापर्यंत विखुरलेली होती. पाऊस बेभरवशाचा आणि तिजोरी बेताची. अशा संस्थानाच्या राजाने चित्रांचा शौक करावा, हे वरवर पाहता विसंगतच वाटेल.

बाळासाहेब मात्र केवळ चित्रे विकत घेणारे रसिक नव्हते. ते स्वतः कुंचला हाती धरत. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्ररामायणातील चित्रे त्यांनीच काढली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी त्या कार्याला आर्थिक साहाय्य केले आणि ग्रंथासाठी चित्रेही रेखाटली. वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी इंग्रजीतून मार्गदर्शक पुस्तके लिहिली. राजा असूनही कीर्तनाला उभे राहण्यात त्यांना संकोच वाटत नसे. देवादिकांच्या कथा कानांनी ऐकाव्यात तशाच डोळ्यांनीही पाहाव्यात, ही त्यांच्या चित्रप्रेमामागची धारणा होती. म्हणूनच त्यांच्या संग्रहात पौराणिक प्रसंग आणि मानवी आकृती यांना मोठे स्थान मिळाले.

गुणी माणसे हेरण्याची त्यांची दृष्टी कलेपुरती मर्यादित नव्हती. बेळगावहून आपला उद्योग हलवण्याची वेळ आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. जे. जे. कला विद्यालयात शिकलेले चित्रकार आणि वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधातच स्वाध्याय मंडळाचे कार्य उभारले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार झाले.

सूर्यनमस्कारांचा प्रसार हे बाळासाहेबांचे दुसरे व्रत होते. ते स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालत आणि शाळांतील मुलामुलींकडूनही घालून घेत. त्यांच्या पुस्तकांमुळे हा व्यायाम परदेशातही पोहोचला. १९३५ मध्ये इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष म्हणजे १९३८. त्या वर्षी यमाईच्या डोंगरावर संग्रहालयाची वास्तू उभी राहिली. चित्रांवर नैसर्गिक उजेड पडावा, याचा विचार तिच्या बांधणीत करण्यात आला होता. वाड्याच्या बंद दालनांतील संपत्ती लोकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी बाळासाहेबांनी आपली राजसत्ताही प्रजेच्या हाती सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली औंधची राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. ग्रामपंचायत हा या कारभाराचा पाया होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहतही याच काळात सुरू झाली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.

बहुतेक संस्थानिक आपले अधिकार टिकवण्यासाठी धडपडत असताना औंधच्या राजाने ते आपणहून सोडले. हा निर्णय सोपा नव्हता. सत्तेबरोबर उत्पन्नही जाणार होते आणि कलेवर हवा तसा खर्च करण्याची मुभाही संपणार होती. तरीही बाळासाहेब मागे हटले नाहीत. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १३ एप्रिल १९५१ रोजी, बाळासाहेबांनी या जगाचा निरोप घेतला.

विलीनीकरणानंतर अनेक संस्थानांतील कलावस्तू वारसांत वाटल्या गेल्या किंवा बाजारात पोहोचल्या. औंधचा संग्रह मात्र गावातच राहिला आणि पुढे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या देखरेखीखाली आला. बाळासाहेबांनी हयातीतच चित्रांना लोकांसाठी घर बांधून दिले नसते, तर हे घडणे कठीण होते. औंधचे राज्य नकाशावरून पुसले गेले, त्याची आगळी घटनाही इतिहासजमा झाली. पण डोंगर चढून येणाऱ्या सामान्य माणसाला रविवर्म्यांचे मूळ चित्र आजही हाताच्या अंतरावरून पाहता येते. मोठ्या शहरांतील रसिकांनाही हेवा वाटावा, असे हे भाग्य औंधला एका छोट्या राजाच्या मोठ्या मनाने दिले आहे.