विश्लेषण : १९१ वाघांच्या शिकारीत असलेला जेम्स औट्रम कोण होता? खान्देशात त्याच्या काळातली दुनळी बंदूक किती कामाला आली?

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना लागणारा औट्रम घाट वाहतूक कोंडीमुळे वारंवार बातम्यांत असतो. हा घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या जेम्स औट्रमने १८२५ ते १८३५ अशी दहा वर्षे खान्देशात काढली. फैजपूरच्या दोन्ही बाजूंना असलेल्या यावल आणि सावदा भागातही त्याने कारवाई केली होती. शिकारी म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. पण ही शिकार केवळ हौस होती, की राज्य बसवण्याचा मार्ग? आणि तेव्हाच्या इंग्रजी बंदुकीत असे काय होते?

औट्रम कोण होता?

जेम्स औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम नामांकित अभियंता होते. कालवे, लोखंडी रुळांचे मार्ग आणि बटरली येथील लोखंडाचा कारखाना उभारण्यात त्यांचा वाटा होता. १८०५ मध्ये ते वारले आणि कुटुंब अडचणीत आले. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडला गेली. जेम्सचे शिक्षण ॲबर्डीन परिसरात झाले. १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कंपनी सरकारच्या लष्करात भरती होऊन तो मुंबईला उतरला.

त्याला खान्देशात का पाठवले?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे आला. लढाया, लूटमार आणि दुष्काळाने गावे ओस पडली होती. रखवालीच्या बदल्यात भिल्लांना मिळणारे पूर्वीचे हक्क बुडाले होते. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरातून भिल्ल नाईकांच्या टोळ्या लढत होत्या. सैन्य पाठवून काही वर्षे गेली, तरी उपयोग झाला नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरवले. १८२५ मध्ये हे काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे आले.

आधी त्याने डोंगरातल्या तळांवर छापे घातले. नंतर पकडलेल्या काहींना सोडून त्यांच्यामार्फत नाईकांशी बोलणी केली. पहारा न घेता तो त्यांच्यात जाऊन राहिला आणि त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला. सुरुवातीला जेमतेम पाच जण पलटणीत यायला तयार झाले. पुढे ही संख्या शेकड्यांवर गेली. धरणगाव हे पलटणीचे मुख्य ठाणे झाले.

त्या काळातली बंदूक कशी होती?

डोंगरातल्या लोकांकडे तिरकामठे आणि तोड्याच्या बंदुका होत्या. तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला लावावी लागे. पावसात ती विझे, अंधारात तिचा निखारा दिसे. इंग्रज अधिकाऱ्यांकडे ठासणीची दुनळी असे. दोन नळ्या शेजारी शेजारी, प्रत्येकीला वेगळा घोडा आणि वेगळा चाप. घोडा म्हणजे चाप ओढताच आपटणारा हातोडीसारखा भाग.

१८२५ च्या सुमारास या बंदुकांत मोठा बदल चालू होता. आधी घोड्याच्या तोंडात चकमक असे आणि तिच्या ठिणगीने दारू पेटे. बेल्हेल्व्ही गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ याने आघाताने पेटणारे रसायन वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतले. हे गाव औट्रम शिकला त्याच ॲबर्डीन परिसरातले. फोर्सिथच्या शोधातून पुढे तांब्याची छोटी टोपी आली. घोडा टोपीवर आपटला की बार उडे. ओलसर हवेतही ही बंदूक चकमकीच्या बंदुकीपेक्षा भरवशाची होती.

ठासणीच्या बंदुकीत दारू ओतणे, गोळी घालणे, गजाने ठासणे आणि टोपी बसवणे, यात सहज अर्धे मिनिट जाई. जखमी वाघ अंगावर आला तर तेवढा वेळ मिळत नसे. दुसरी नळी म्हणजे जीव वाचवण्याची दुसरी संधी होती.

दुनळी बनवणे अवघड का होते?

चांगल्या बंदुकीची नळी एकसंध नळकांडे नसे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या तापवून पिळत, दांड्याभोवती गुंडाळत आणि घणाने ठोकून सांधत. यासाठी घोड्याच्या नालांचे जुने खिळेही वापरले जात. पिळामुळे नळीवर लाटांसारखी नक्षी उमटे.

पुढचे काम त्याहून नाजूक होते. नळ्या अगदी समांतर जोडल्या तर दोन्हींचा मारा एका जागी पडत नाही. म्हणून त्या पुढच्या टोकाकडे किंचित जवळ आणून मध्ये पट्टी देत जोडाव्या लागत. लंडनचा प्रसिद्ध कारागीर जोसेफ मँटन याने १८०६ मध्ये उंच पट्टीचे पेटंट घेतले. नेम धरताना नजर नळीवरून सरळ जावी, हा त्यामागचा हेतू. कळीचे भाग कानशीने घासून तयार होत. अक्रोडाच्या कुंद्यात ते बसवताना धातूला काजळी लावत. लाकडावर डाग उमटेल तेवढेच तासायचे, असे करत करत फट बुजवली जाई. शेवटी जास्तीची दारू भरून नळीची चाचणी होई आणि मगच तिच्यावर ठसा पडे.

१९१ वाघ त्याने एकट्याने मारले का?

नाही. १८२५ ते १८३४ या काळात औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून २३५ वाघ मारल्याची नोंद आहे. त्यांपैकी १९१ वाघ मारले गेले, तेव्हा औट्रम स्वतः हजर होता. याशिवाय १५ बिबटे, २५ अस्वले आणि १२ रानम्हशी मारल्या गेल्या.

माग काढणारे आणि हाका घालणारे भिल्ल होते. वाघ कोणत्या नाल्यात बसला आहे हे त्यांना कळे. दाट झुडपात दडलेला वाघ दिसेना, तेव्हा भिल्लांनी पागोटी एकमेकांना बांधून औट्रमला झाडाच्या फांदीवरून लटकवले आणि त्याने तशा स्थितीत गोळी झाडली, असा प्रसंग सांगितला जातो. बंदूक उत्तम होती, पण त्याचा जीव त्या पागोट्यांच्या गाठींवर होता.

यावल-सावद्यात काय घडले?

१८३१ मध्ये यावल आणि सावदा भागात मोठे दरोडे पडले. चौकशीसाठी औट्रमला धाडण्यात आले. त्याने ४६९ संशयितांना पकडले, त्यांतील १५८ जण दोषी ठरले. शिकारीत जुळलेल्या विश्वासाची दुसरी बाजू इथे दिसते. भिल्लांना वश करण्यासाठी भिल्लांचीच पलटण वापरणे, हेच इंग्रजांचे धोरण होते. काहींना पगार आणि मान मिळाला, काहींच्या वाट्याला तुरुंग आला. गेलेले हक्क मात्र परत आले नाहीत. १८५७ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल पुन्हा उठले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई झाली.

औट्रमचे पुढे काय झाले?

१८३५ मध्ये तो गुजरातेत गेला. पुढे अफगाणिस्तान, सिंध आणि बडोदा येथे त्याने काम केले. बडोद्यातील लाचखोरीवर त्याने सरकारला अहवाल दिला. त्यात भ्रष्टाचारासाठी ‘खटपट’ हा आपल्याकडचाच शब्द वापरला. वरिष्ठांची नाराजी ओढवून त्याला ते पद सोडावे लागले, नंतर पुन्हा मिळाले. १८५६ मध्ये अवध खालसा झाले, तेव्हा तो लखनऊचा रेसिडेंट होता. १८५७ मध्ये लखनऊच्या मोहिमेत हुद्द्याने मोठा असूनही त्याने नेतृत्व हॅवलॉककडे राहू दिले. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समध्ये त्याचा मृत्यू झाला.

आज काय उरले आहे?

ठासणीची दुनळी मागे पडली. पुढे मागून काडतूस घालायच्या बंदुका आल्या आणि १८७५ नंतर बाहेरचा घोडाही हळूहळू गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना लागू झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाघाची शिकार हा गुन्हा ठरला.

यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. जिल्ह्यात आज वाघाचा वावर मुख्यतः मुक्ताईनगरच्या जंगलपट्ट्यात आढळतो आणि एखादा वाघ दिसला तरी बातमी होते. ज्या खान्देशात दहा वर्षांत एका गटाने २३५ वाघ मारले, तिथे आता पायाचा एक ठसा मिळाला तरी वन कर्मचारी त्याचे माप घेतात.