अंकांची रीत अक्षरांना लावणारा गणिती : सायमन स्टेव्हिन



१२क्षय आणि १८क्ष या दोन पदांचा महत्तम सामाईक विभाजक, म्हणजेच मसावि, काढायला तुम्हाला वेळ लागत नाही. १२ आणि १८ यांचा मसावि ६. क्ष दोन्हींत आहे, य एकातच आहे. म्हणून उत्तर ६क्ष. पण पदांऐवजी लांबलचक बहुपदी समोर आल्या आणि त्यांचे अवयव डोळ्यांना दिसेनात, तर काय करायचे? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर १५८५ साली आपल्या ग्रंथात देणाऱ्या सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाची ही ओळख.

स्टेव्हिनचा जन्म १५४८ मध्ये ब्रुज या गावी झाला. हे गाव आज बेल्जियममध्ये आहे. त्याच्या आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता, आणि त्या काळी अशा मुलाला आपली वाट स्वतःच काढावी लागे. तरुणपणी त्याने अँटवर्पच्या व्यापारपेठेत हिशेबनिसाचे काम केले. १५७७ मध्ये तो ब्रुजच्या करवसुली कार्यालयात कारकून होता. १५८१ मध्ये तो हॉलंडमधील लायडन शहरी आला आणि १५८३ मध्ये तेथील विद्यापीठात त्याने नाव घातले. तेव्हा त्याचे वय पस्तिशीच्या घरात होते. शिक्षणाला वयाची अट नसते, हे त्याच्याकडे पाहून पटते.

हिशेबाच्या चोपड्यांतूनच त्याचे गणित उगवले. त्या काळचे सावकार व्याजाची कोष्टके गुप्त ठेवीत. स्टेव्हिनने १५८२ मध्ये ती छापून सर्वांसाठी खुली केली. १५८५ मध्ये त्याने दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका डच भाषेत लिहिली. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, टांकसाळीतले अधिकारी, व्यापारी अशा कामकरी लोकांसाठी ती होती. नाणी आणि वजनमापेही दशमान असावीत, असे त्याने तिच्यात सुचवले. आपल्या देशात १६ आण्यांचा रुपया जाऊन १०० नव्या पैशांचा रुपया आला तो १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे या सूचनेनंतर पावणेचारशे वर्षांनी.

त्याच वर्षी त्याचा अंकगणित व बीजगणितावरचा मोठा ग्रंथ फ्रेंच भाषेत निघाला. पूर्णांक, अपूर्णांक, वर्गमूळ असा भेदभाव स्टेव्हिनला मान्य नव्हता. त्याच्या मते या सगळ्या संख्याच होत. अज्ञात राशीचे घात दाखवण्यासाठी तो वर्तुळात अंक लिही. दशांश स्थाने दाखवायलाही त्याने तीच खूण वापरली. संख्यांना जे नियम लागतात ते बीजगणितातल्या राशींनाही का लागू नयेत, असा विचार त्याच्या लेखनात जागोजागी दिसतो. मसाविची रीतही त्याला याच विचारातून मिळाली.

दोन संख्यांचा मसावि काढण्याची भागाकाराची रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० मध्ये दिली होती. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, मग त्या लहान संख्येला बाकीने भागायचे, आणि बाकी शून्य येईपर्यंत असेच पुढे जायचे. शेवटचा भाजक हाच मसावि. आपल्याकडे आर्यभटाने ४९९ मध्ये दिलेल्या कुट्टक पद्धतीतही असाच परस्पर भागाकार आहे. स्टेव्हिनने ही रीत बहुपदींना लावून दाखवली.

एक उदाहरण पाहू. क्षवर्ग + ५क्ष + ६ आणि क्षवर्ग + ४क्ष + ३ या दोन बहुपदी घ्या. पहिलीला दुसरीने भागले की भाग १ लागतो आणि बाकी क्ष + ३ उरते. आता दुसरीला क्ष + ३ ने भागा. भाग क्ष + १ लागतो आणि बाकी शून्य येते. म्हणून मसावि क्ष + ३. यात कुठेही अवयव पाडावे लागले नाहीत. अवयव सुचायला युक्ती लागते, भागाकाराला मात्र फक्त चिकाटी पुरते. या रीतीचे मोल इथेच आहे. आज संगणक मोठमोठे बैजिक अपूर्णांक संक्षिप्त करतात, तेव्हा त्यांच्या कामाच्या मुळाशी हाच विचार असतो.

स्टेव्हिन नुसता कागदावरचा गणिती नव्हता. त्याने आणि त्याच्या एका मित्राने डेल्फ्ट शहरात शिशाचे दोन गोळे सुमारे ३० फुटांवरून सोडले. एक दुसऱ्याच्या दहापट जड होता, तरी दोन्ही एकाच वेळी खाली पोहोचले. हा प्रयोग त्याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केला. राजपुत्र मॉरिसचा तो शिक्षक आणि सल्लागार झाला. राजपुत्रासाठी त्याने बनवलेली शिडाची गाडी समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या जोरावर दोन डझनांहून अधिक माणसांना घेऊन धावली, तेव्हा पाहणारे थक्क झाले.

विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. तरीही आपली बहुतेक पुस्तके स्टेव्हिनने डच भाषेतच लिहिली आणि शास्त्रासाठी नवे डच शब्द घडवले. युरोपातल्या बहुतेक भाषा गणिताला ग्रीकमधून आलेला शब्द वापरतात. डच लोक मात्र आजही गणिताला जो शब्द वापरतात तो स्टेव्हिनच्याच शब्दातून आला आहे. १६०० मध्ये लायडन येथे अभियंत्यांसाठी शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रम त्याने आखला आणि शिकवण्याची भाषा डच ठेवली. घराबाहेर दुसरी भाषा ऐकत मराठीतून शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुपदी, विभाजक, घातांक हे आपले शब्दही असेच कोणीतरी विचारपूर्वक घडवले आहेत. ते वापरले तरच टिकतील.

स्टेव्हिन १६२० मध्ये वारला. १८४६ मध्ये ब्रुजच्या एका चौकात त्याचा पुतळा उभारण्यात आला आणि तो चौक आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आता वही-पेन्सिल घ्या. क्षवर्ग + ७क्ष + १२ आणि क्षवर्ग + ५क्ष + ६ यांचा मसावि स्टेव्हिनच्या रीतीने काढा. पहिली बाकी २क्ष + ६ येईल. तिच्यातला २ हा सामाईक अवयव बाजूला काढून ठेवा आणि पुढचा भागाकार करा. उत्तर आले की घरातल्या मोठ्यांनाही ते कसे आले हे समजावून सांगा.