जॉन माल्कम

सर जॉन माल्कम (जन्म: २ मे, १७६९, मृत्यू: ३० मे, १८३३) हे ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीचे सेनाधिकारी, राजनैतिक वकील, इतिहासकार आणि १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची शरणागती त्यांनी स्वीकारली. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण त्यांच्याच कारकिर्दीत वसवले गेले. तेथील बाजारपेठ दीर्घकाळ माल्कमपेठ या नावाने ओळखली जात असे.

पूर्वायुष्य

माल्कम यांचा जन्म स्कॉटलंडमधील लँगहोम गावाजवळ बर्नफूट येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. सतरा भावंडांचे हे कुटुंब आर्थिक अडचणीत असल्यामुळे मुलांना लहान वयातच नोकरीसाठी बाहेर पडावे लागले. जॉन यांना वयाच्या तेराव्या वर्षी कंपनीच्या सैन्यात नेमणूक मिळाली आणि १७८३ मध्ये ते मद्रासला पोहोचले. सुरुवातीची काही वर्षे कर्ज आणि उधळपट्टीत गेली. पुढे त्यांनी फारसी भाषेचा नेटाने अभ्यास केला व त्यामुळे त्यांना राजनैतिक कामाची वाट मोकळी झाली. १७९२ आणि १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या दोन्ही मोहिमांत त्यांनी भाग घेतला. १८०७ मध्ये त्यांचा विवाह शार्लट कॅम्पबेल यांच्याशी झाला.

इराणमधील वकिलाती

गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १७९९ मध्ये माल्कम यांना इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठवले. भारतातील ब्रिटिश सत्तेला अफगाण आणि फ्रेंचांकडून असलेल्या धोक्याला शह देणे हा या वकिलातीचा हेतू होता. त्यातून १८०१ मध्ये राजकीय आणि व्यापारी करार झाले. १८०८ व १८१० मध्ये ते पुन्हा इराणला गेले. इराणमध्ये बटाट्याचा प्रसार करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तेथे बटाट्याला काही काळ माल्कमचे आलुबुखार या अर्थाचे नाव होते. त्यांचा इराणचा द्विखंडी इतिहास १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठा राज्यांशी संबंध

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात माल्कम हे आर्थर वेलस्ली यांचे राजकीय सहायक होते. १८०३ च्या अखेरीस झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाच्या वाटाघाटींत आणि पुढे शिंद्यांशी झालेल्या बऱ्हाणपूरच्या तहात त्यांचा सहभाग होता. तिसऱ्या युद्धात २१ डिसेंबर, १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. या लढाईत माल्कम आघाडीवर होते. जानेवारी १८१८ मध्ये त्यांनीच होळकरांशी मंदसोरचा तह केला.

पेशवाईच्या पाडावानंतर पळत असलेले दुसरे बाजीराव जून १८१८ च्या आरंभी अशीरगडाच्या परिसरात माल्कम यांच्या स्वाधीन झाले. बाजीरावांनी गादीवरील हक्क सोडावा, महाराष्ट्रापासून दूर राहावे आणि त्यांना वर्षाला आठ लाख रुपये तनखा मिळावा, असे ठरले. पेशव्यांचा मुक्काम पुढे कानपूरजवळ बिठूर येथे झाला. ही रक्कम फार मोठी आहे, अशी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांची टीका होती. माल्कम यांनी मात्र अटींचे समर्थन केले. युद्ध लवकर संपल्यामुळे वाचलेला खर्च तनख्याहून अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतरची काही वर्षे माल्कम यांच्याकडे माळव्याचा कारभार होता. १८१८ मध्ये त्यांनी महू येथे लष्करी छावणी वसवली. देशी संस्थाने खालसा न करता ती राखावीत, आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्थानिक चालीरीतींत शक्यतो ढवळाढवळ करू नये, असे त्यांचे मत होते. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो हेही साधारणपणे याच विचाराचे होते.

मुंबईचे गव्हर्नर

माल्कम यांनी १ नोव्हेंबर, १८२७ रोजी एल्फिन्स्टन यांच्याकडून मुंबईच्या गव्हर्नरपदाची सूत्रे घेतली. कंपनीची आर्थिक स्थिती बिकट असल्याने त्यांच्या कारकिर्दीत खर्चकपातीवर भर होता. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार शहराबाहेर कोठवर चालावा, या प्रश्नावर न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला. १८३० मध्ये ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे दळणवळण सुकर झाले.

महाबळेश्वरची स्थापना

महाबळेश्वर हे मुळात तीर्थक्षेत्र आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांचा उगम येथील पंचगंगा मंदिरात मानला जातो. यांपैकी वेण्णा साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कराड, सांगलीमार्गे वाहत जाते. क्षेत्र महाबळेश्वराच्या दक्षिणेस सुमारे ४,५०० फूट उंचीवर असलेले विस्तीर्ण पठार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाट जंगलाने व्यापलेले होते. त्या भागात कोळी, कुणबी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड यांची वस्ती होती.

साताऱ्यात नेमणुकीवर असलेले लष्करी अधिकारी पीटर लॉडविक १८२४ मध्ये या पठारावर चढले. येथे पोहोचलेले ते पहिले युरोपीय समजले जातात आणि त्यांच्या स्मरणार्थ एका कड्याला लॉडविक पॉइंट असे नाव आहे. त्यानंतर साताऱ्याचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी येथे बंगला बांधला. त्यांच्या आग्रहावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता करवून घेतला.

या ठिकाणाला नियमित वसाहतीचे रूप माल्कम यांनी दिले. मैदानी प्रदेशातील उष्ण हवेत आणि तापाच्या साथींत गोऱ्या सैनिकांचे मृत्यू फार होत. त्यांना थंड हवेत लवकर बरे वाटते का, हे पाहण्यासाठी १८२८ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर रुग्णालय उघडण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माल्कम पुन्हा येथे आले आणि सरकारी इमारतींची कामे सुरू झाली. गव्हर्नरांचे निवासस्थान ज्या टेकडीवर होते तिला त्यांच्या पत्नीवरून माउंट शार्लट हे नाव पडले. केट्स पॉइंट हे नाव त्यांच्या कन्येवरून पडल्याचे सांगितले जाते.

ही जमीन सातारच्या छत्रपतींची होती. १८२९ मध्ये झालेल्या करारानुसार प्रतापसिंहांनी पठाराचा भाग कंपनीला दिला आणि त्याबदल्यात त्यांना वाई भागातील खंडाळा हे गाव मिळाले. हे खंडाळा सातारा जिल्ह्यातील असून बोरघाटातील खंडाळ्याहून वेगळे आहे. महाराजांनी येथे बाजारपेठ वसवली आणि तिला गव्हर्नरांवरून माल्कमपेठ हे नाव दिले. करार अदलाबदलीचा असला तरी दोन्ही पक्ष समान बळाचे नव्हते. १८१९ च्या तहाने सातारचे राज्य कंपनीच्या वर्चस्वाखाली आलेले होते.

वसाहतीतील जीवन

आरंभी मुंबईचे प्रवासी समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरत, तेथून महाडला आणि पुढे पार घाटाने वर येत. चढावर पालखी, डोली आणि तट्टू हीच साधने होती व त्यांचा भार स्थानिक भोई आणि हमाल यांच्यावर असे. येथे वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडत असल्याने पावसाळ्यात वसाहत ओस पडे. मार्चअखेर ते जूनचा आरंभ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन हंगाम त्यामुळे रूढ झाले. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्कामही येथे असे.

आजाऱ्यांसाठी वसवलेले हे ठिकाण काही दशकांतच हौशी लोकांचेही झाले. घोडेस्वारी, जंगलातील पायी भटकंती आणि कड्यांवरून कोकणचा देखावा पाहणे हा दिवसाचा कार्यक्रम असे. सूर्यास्ताच्या वेळी बाँबे पॉइंटवर सर्वाधिक गर्दी होई. तेथे घोडागाड्यांसाठी मोकळी जागा आणि बँडवादनासाठी चौथरा बांधलेला होता. १८४२ मध्ये सातारच्या छत्रपतींनी पाणीपुरवठ्यासाठी वेण्णा तलाव बांधवला. त्यात नौकाविहारही सुरू झाला. १८६४ मध्ये वाचनालयासाठी फ्रिअर हॉल उभा राहिला. १८८१ मध्ये महाबळेश्वर क्लब स्थापन झाला आणि मेजवान्या, पत्ते व मैदानी खेळ यांना कायमची जागा मिळाली.

या करमणुकीमागे अनेकांचे श्रम होते. वसाहतीतील तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. रस्त्यांची कामे त्यांच्याकडून करून घेतली जात. त्यांनी बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड केली आणि ती पद्धत स्थानिक शेतकऱ्यांनी उचलली. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. चायनामन धबधबा हे नाव त्यांच्या बागांची आठवण देते. जंगल राखण्याचे सरकारी नियम कडक झाल्यावर धावडांचा लोखंड गाळण्याचा पिढीजात धंदा मात्र संपुष्टात आला.

अखेरचा काळ

माल्कम यांनी डिसेंबर १८३० मध्ये पद सोडले. त्यांच्यानंतर गव्हर्नर झालेले सर सिडनी बेकविथ जानेवारी १८३१ मध्ये महाबळेश्वर येथेच मृत्यू पावले. तेथे त्यांचे स्मारक आहे. इंग्लंडला परतल्यावर माल्कम संसदेचे सदस्य झाले व त्यांनी निवडणूक सुधारणा विधेयकाला विरोध केला. ३० मे, १८३३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. रॉबर्ट क्लाइव्ह यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८३६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. मध्य हिंदुस्थानाविषयीचा त्यांचा १८२३ चा ग्रंथ माळव्याच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो.

संस्थाने राखण्याचे त्यांचे धोरण साताऱ्याच्या बाबतीत टिकले नाही. त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, सप्टेंबर १८३९ मध्ये, कंपनीने प्रतापसिंहांवर कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले आणि काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे खटपट केली, पण ती निष्फळ ठरली. प्रतापसिंहांचे १८४७ मध्ये काशीतच निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर सातारचे राज्य खालसा करण्यात आले.

वारसा

माल्कम यांचे शिल्पकार चँट्री यांनी घडवलेले पुतळे लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी आणि मुंबईतील टाउन हॉल येथे आहेत. लँगहोमजवळच्या टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ उंच स्तंभ उभारलेला आहे. माल्कमपेठ हे नाव कालांतराने मागे पडून महाबळेश्वर हेच नाव सर्वत्र रूढ झाले. पॉइंटांवरील सूर्यास्त, घोड्यावरची रपेट, तलावातील नौकाविहार आणि संध्याकाळची बाजारातील फेरी हा वसाहतकाळातील क्रम पर्यटकांनी पुढे चालू ठेवला आहे. येथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.