तीन पिढ्यांची श्रद्धा

स्त्रीने स्वीकारलेला धर्म हा तिचा स्वतःचा निर्णय असू शकतो, हे मान्य करणे आपल्या समाजाला आजही जड जाते. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे चरित्र मननीय आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकरोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना दिली. १८७८ साली कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळविणाऱ्या याच विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा स्वजन दुरावले. परंतु तेथील धर्माधिकाऱ्यांपुढेही त्यांनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. पुढे केडगावच्या ‘मुक्ती’त दुष्काळग्रस्त मुली व विधवा विणकाम, शेती, छपाई शिकल्या, श्रद्धेला स्वावलंबनाची जोड मिळाली. कन्या मनोरमा हिने ही धुरा वाहिली. १९२१ साली ती व १९२२ साली रमाबाई निवर्तल्या.

उत्तनलगतच्या पालीतील ख्रिस्ती घरांत आजीची प्रार्थना नातीपर्यंत पोहोचते. ती स्वीकारावी की तपासून पाहावी, हे ठरविण्याचा अधिकार मात्र नातीचाच होय. रमाबाईंच्या आयुष्याचा हाच अर्थ आहे.