फुटबॉल-नियमांचे कर्ते : एबेनेझर मोर्ले

हुतूतूंत चढाईस आलेल्या गड्यास घट्ट धरून ठेवणें हें कौशल्य. फुटबॉलमध्यें तेंच धरणें अपराध. पिंपरी, चिंचवड व चाकण या भागांतील आमचे विद्यार्थी दोन्ही खेळ खेळतात, आणि पंचानें शिटी वाजविली कीं, आपण तर नुसता हात लाविला, अशी तक्रार करितात. हात लावणें कोठें संपतें व पकडणें कोठें सुरू होतें, हा प्रश्न जुना आहे. ज्या गृहस्थांच्या लेखणीशीं त्याचा निकट संबंध आला, त्यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

एबेनेझर कॉब मोर्ले यांचा जन्म इंग्लंडांतील हल शहरीं १६ ऑगस्ट १८३१ रोजीं झाला. पुढें ते लंडनला वकिली करूं लागले. थेम्स नदीकांठीं बार्न्स येथें राहत असतां १८६२ सालीं त्यांनीं फुटबॉलचा क्लब स्थापिला. त्या काळीं प्रत्येक शाळेचे व क्लबाचे नियम निराळे असत. ही अव्यवस्था मोडण्यासाठीं २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न येथें कांहीं क्लबांची सभा भरली. तींत फुटबॉल असोसिएशन जन्मास आली व मोर्ले तिचे पहिले चिटणीस झाले.

त्यांच्या पहिल्या मसुद्यांत चेंडू घेऊन धांवणाऱ्यास धरण्याची, पाडण्याची, इतकेंच नव्हे तर त्याच्या नडगीवर लाथ मारण्याचीही मुभा होती. त्याच सुमारास केंब्रिज येथें तयार झालेल्या नियमांत हे प्रकार निषिद्ध ठरले होते. मोर्ले यांनीं ते नियम पाहिले आणि स्वतःचेंच कलम बदलण्यास ते सिद्ध झाले. असा दांडगावा राहिला तर जाणते लोक खेळ सोडून देतील, हें त्यांचें म्हणणें. दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांच्या आमच्या या प्रदेशास तें सहज पटेल. ब्लॅकहीथ क्लबास मात्र हा बदल बायकी वाटला व तो असोसिएशन सोडून गेला. मोर्ले डगमगले नाहींत. डिसेंबर १८६३ मध्यें मंजूर झालेल्या तेरा नियमांपैकीं दहाव्यानें प्रतिपक्ष्यास हातांनीं धरण्यास व ढकलण्यास मनाई केली.

त्या तेरा नियमांत पंचाचें नांवही नव्हतें. वाद खेळाडूंनींच मिटवावयाचा. १८९१ पासून पंच मैदानाच्या आंत येऊन निर्णय देऊं लागला, आणि पारख करण्याचें ओझें त्याच्या शिरावर आलें. आजचा नियम त्याला एक कसोटी देतो : स्पर्शानें प्रतिपक्ष्याच्या हालचालीस अडथळा झाला काय? खांद्यावर हात टेकला आणि गडी आपल्या वाटेनें गेला, तर अपराध नाहीं. सदरा ओढल्यानें त्याचें एक पाऊल जरी अडलें, तरी ती पकड होय. म्हणून जाणता पंच धरणाऱ्याच्या हाताइतकेंच धरलेल्याच्या पायांकडे पाहतो. पकड पेनल्टी क्षेत्राबाहेर सुरू होऊन आंतही चालू राहिली, तर बचाव करणाऱ्या संघाविरुद्ध पेनल्टी किक मिळते.

मोर्ले १८६७ पासून १८७४ पर्यंत असोसिएशनचे अध्यक्ष होते. ९३ वर्षांचें दीर्घायुष्य भोगून २० नोव्हेंबर १९२४ रोजीं ते निवर्तले. आपण लिहिलेलें कलम अधिक चांगलें कलम दिसतांच खोडावें, आणि त्यापायीं सोबती गेले तरी न्याय सोडूं नये, एवढें त्यांच्यापासून शिकण्याजोगें आहे. विद्यार्थ्यांनो, अंगांत बळ असतां हात आवरणें हें दुबळ्याचें काम नव्हे.