नाण्यावरचा ईश्वर आणि चांद्याची दीक्षा

अमेरिकेने ईश्वरावरील विश्वासाचे वचन राष्ट्राचे बोधवाक्य म्हणून स्वीकारले ते १९५६ साली. तेथील नाण्यांवर ते १८६४ पासूनच उमटू लागले होते. १९५७ पासून ते नोटांवरही आले. त्याच १९५६ च्या १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांदा येथे मोठ्या जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा एका चांदा जिल्ह्यात सामावलेले होते. शासनाने धर्माचे नाव कोठे लिहावे आणि कोठे लिहू नये, हा प्रश्न या दोन्ही घटनांच्या मुळाशी आहे.

१८९१ साली महू येथे एका सुभेदाराच्या घरी जन्मलेल्या बाबासाहेबांचा चलनाशी आलेला संबंध विद्वत्तेचा होता. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी त्यांना मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. चलन हे शासनाच्या मर्जीवर सोडू नये, चलन काढणाऱ्याच्या हाताला नियमाचे बंधन असावे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. नाण्याची पत त्यावरील अक्षरांनी नव्हे, तर या बंधनाने राखली जाते.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी जो मसुदा पुढे नेला, त्यात हेच बंधन धर्माच्या बाबतीत दिसते. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती अनुच्छेद २७ ने वर्ज्य केली. पूर्णतः सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास अनुच्छेद २८ ने मनाई केली. उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, ही ह. वि. कामथ यांची दुरुस्ती १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. शपथ मात्र ईश्वराला स्मरून घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविण्यात आले. राष्ट्रीय मुद्रेसाठी अशोकाचे सिंह आणि उपनिषदातील सत्यविषयक वचन निवडले गेले. त्यात कोणत्याही देवतेचे नाव नाही.

परंतु उद्देशिकेत टाळलेला धर्म १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात शिरला. हिंदू धर्माबाहेरील व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे त्यात नमूद होते. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला, बौद्धांचा नाही. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने चांद्यात जमलेल्यांनी दीक्षा घेतली, ती या तरतुदीच्या छायेत. श्रद्धा बदलली म्हणून गावातील त्यांची वागणूक बदलली नाही. सवलतींचा आधार मात्र गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निर्वाण झाले. त्यांच्या अनुयायांना महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलण्यास १९९० साल उजाडावे लागले.

राज्याची धर्मनिरपेक्षता नाण्यावरील अक्षरांत शोधणे सोपे आहे. तिची खरी कसोटी लागते ती कचेरीतील अर्जावर, धर्माच्या रकान्यापुढे लेखणी थांबते तेथे. त्या रकान्यातील एका शब्दापायी चांद्याच्या दीक्षितांनी चौतीस वर्षे मोजली, हे विसरता येणार नाही.