स्वामी रामानंद तीर्थ : कसणाऱ्याच्या व कातणाऱ्याच्या हक्कासाठी झटलेला संन्यासी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मराठवाड्यातील घराघरांस परिचित आहे. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचेच नाव दिलेले आहे, आणि दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी ध्वजवंदनाच्या प्रसंगी त्यांचे आदराने स्मरण केले जाते. तथापि निजामाची सत्ता गेल्यावर राज्य आणि रयत यांच्यातील देण्याघेण्याचा व्यवहार न्यायाच्या पायावर नव्याने उभा राहावा, यासाठी त्यांनी जे श्रम घेतले त्यांची चर्चा मात्र क्वचितच होते.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. पूर्वाश्रमीचे त्यांचे नाव व्यंकटेश खेडगीकर. १९२० साली लोकमान्य टिळकांच्या निधनाची वार्ता ऐकून, आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प त्यांनी विद्यार्थिदशेतच सोडला. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या सहवासात त्यांनी मजूर चळवळीचे काम केले. मजुरी, कामाचे तास, आजारपणातील आधार हे प्रश्न त्यांनी तेथे जवळून पाहिले. भगवी वस्त्रे धारण करण्यापूर्वी या संन्याशाने मजुराचा हिशेब समजून घेतला होता, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना ध्यानी ठेवावयास हवी. १९२९ साली ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले, पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले.

त्या काळच्या हैदराबाद संस्थानात सर्व जमीन सरकारी नव्हती. दिवाणी मुलखाखेरीज निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास मुलूख आणि शेकडो जहागिरी होत्या. जहागिरीतील कुळास शेतसारा कोणत्या दराने भरावा लागेल याची शाश्वती नसे, आणि वेठबिगार निराळीच. महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने १९३७ साली परतूर, १९३८ साली लातूर व १९४१ साली नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे भरली. स्टेट काँग्रेसवर बंदी असताना स्वामीजींनी १९३८ च्या सत्याग्रहात कारावास पत्करला आणि पुढेही वारंवार ते तुरुंगात गेले. संस्थानातील अखेरच्या बंदिवासातून त्यांची सुटका झाली ती सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईने निजाम शरण आल्यावर.

खरी कसोटी त्यानंतर लागली. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या व १९५० साली कूळ कायदा आला. ठरावीक वर्षे सलग जमीन कसणाऱ्यास संरक्षित कूळ म्हणून मान्यता मिळाली. परंतु जमीन कसणाऱ्याच्या मालकीची व्हावी आणि ती विनाविलंब व्हावी, असा स्वामीजींच्या गटाचा आग्रह होता. बुर्गुल रामकृष्णराव यांचा गट सावध पावले टाकण्याच्या मताचा होता. या मतभेदाने स्टेट काँग्रेस दुभंगली. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता जहागीरदारांना नुकसानभरपाई हप्त्याहप्त्याने मिळाली, कुळास मात्र स्वतःच कसलेल्या जमिनीची किंमत मोजावी लागणार होती. अर्थतज्ज्ञ अ. मो. खुस्रो यांनी पूर्वीच्या जहागिरी मुलखाची पाहणी केली. १९५१ साली संरक्षण मिळालेल्या कुळांपैकी निम्म्याहून कमी कुळेच तीन-चार वर्षांनंतर त्या हक्कावर टिकली होती, असे तीत दिसून आले. पाचव्या हिश्श्याहून अधिक कुळांना बेकायदेशीरपणे काढण्यात आले होते आणि कित्येकांनी जमीन राजीखुशीने सोडल्याचे कागदोपत्री नोंदविलेले होते. ही राजीखुशी कशी असते, हे खेड्यात सावकारी पाहिलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. व्यापारी घराण्यांकडेही कर्जापोटी आलेल्या जमिनी होत्या, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल.

स्वामीजींनी मंत्रिपद कधीही स्वीकारले नाही. १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी या मागणीवर पंडित नेहरूंची प्रारंभीची नाराजी पत्करूनही ते ठाम राहिले, आणि १९५६ साली ती मागणी सिद्धीस गेली. पूर्वी बिदर जिल्ह्यात असलेला उदगीरचा परिसर याच पुनर्रचनेने मराठवाड्यात आला.

याच उदगीरशी त्यांच्या अखेरच्या कार्याचा संबंध आहे. १९६७ साली स्वामीजी व गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकाराने नांदेड येथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती स्थापन झाली. नांदेडचा परिसर गावरानी कपाशीसाठी प्रसिद्ध. कापूस येथे पिके, पण त्यातील नफ्याचा मोठा वाटा बाहेर जाई. गिरणीच्या कापडाच्या किमतीत मजुरीचा वाटा लहान व यंत्राचा मोठा असतो. खादीत हे प्रमाण उलटते. पैशाचा मोठा भाग कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांत, म्हणजे बहुधा गावातच राहतो. खादी महाग का, असे ग्राहक नेहमी विचारतो, आणि त्याचे उत्तर या वाटणीत आहे. कसणाऱ्यास जमीन आणि कातणाऱ्यास पुरेशी मजुरी या दोन मागण्या स्वामीजींच्या जीवनात एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला आणि मराठवाड्यातील असंख्य शेतकरी खडी फोडण्यास रस्त्यावर आले. मागेल त्यास काम देण्याचे बंधन शासनावर घालणारा रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला तो १९७७ साली.

समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाऊ लागले व नांदेड येथे ध्वज तयार होऊ लागले. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरील पॉलिएस्टरच्या ध्वजासही परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये टपाल कार्यालयांतून असा ध्वज २५ रुपयांस विकला गेला. हातांनी कातलेल्या व हातमागावर विणलेल्या उदगीरच्या कापडाचा ध्वज त्या भावात बसणे शक्य नव्हते.